या वर्षी केटरिंग सांगितलंय

बाबा, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि मी अजून त्या एका ऑक्टोबरातच अडकून पडलेय. नॉटिंगहॅमला कॉलेजमध्ये मी कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकत होते, त्यांचे विचार, त्यांच्या चळवळी. तुम्ही हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायचात, आणि मराठी मंडळात कुणी विचारलंच तर आपण पुण्याचे, एवढंच सांगायचात. जात सांगायची नाही. निळ्या कोटातला तो फोटोसुद्धा कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. पाहुणे आले की कपाट नीट लागलंय ना, हे मी आधी जाऊन बघायचे.

आई गेल्यापासून स्वयंपाकघर तुमचंच. शनिवार आहे, तुम्ही कांदा चिरताय, मी टेबलावर पुस्तक उघडून बसलेय. अमेरिकेतल्या शाळेचा फोटो आहे. वह्या छातीशी धरून एक काळी मुलगी चाललीय आणि भोवती माणसं तोंड वासून ओरडताहेत. तुम्ही सुरी खाली ठेवता. "आमच्याकडे कुणी ओरडायचं नाही गं," तुम्ही म्हणता. "पाटी उंबऱ्याबाहेर ठेवायची. मास्तर आतूनच काठीच्या टोकानं चूक दाखवायचे. माझी चूक नसायची, तरी काठी फिरायची. गणित पुसलं जायचं." माझी वही तुम्ही कायम दोन्ही हातांत का धरायचात, ते मला तेव्हा कळलं. मग म्हणालात, "हे घरातलं. बाहेर नाही." मी मान डोलावली आणि सोमवारी सगळं लिहून दिलं.

आमच्या ट्यूटरचे आईवडील जमैकाहून आलेले. वाचताना त्यांचे डोळे भरून आले. तुमच्या फोटोसकट, नावासकट त्यांनी ते मोठं छापून शहरातल्या लायब्ररीत लावलं. मी आठवडाभर हवेत होते. मग मंडळातल्या काकूंनी ते पाहिलं. टेस्कोत सामान घेताना आपल्याला भेटल्या आणि भर रांगेत म्हणाल्या, "अय्या, डिस्प्लेवर तुमचाच फोटो ना? हाऊ ब्रेव्ह! इतकी वर्षं आम्हाला बोलला नाहीत हो!" तुम्ही हसलात. ते हसू अजून डोळ्यांपुढून जात नाही.

दिवाळीला मंडळाचा मसालेभात तुमच्याच हातचा असायचा, साठ माणसांचा. त्यासाठी तुम्ही लेस्टरहून पातेलं आणलं होतंत, बाथटबमध्येच घासावं लागायचं ते. त्या वर्षी तांदूळ आणून ठेवलेत आणि फोन आला. "भाऊ, या वर्षी केटरिंग सांगितलंय. तुम्हाला उगाच त्रास कशाला?" एवढंच. बोलणं किती गोड, शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं! तुम्ही मला म्हणालात, "काढ ते तिथून. निदान नाव तरी काढ." आणि मी, अठरा वर्षांची दीडशहाणी, तुम्हाला ऐकवलं, "लाज त्यांना वाटायला हवी, बाबा! तुम्ही का लपताय?" तुम्ही म्हणालात, "तुझं खरं आहे गं. पण जेवायला कोण येणार?" मग पातेलं माळ्यावर चढवलंत. परत कधी उतरवलं नाहीत.

त्यानंतर तुम्ही एकट्यापुरता भात टाकायचात. मी हॉस्टेलवर राहायला गेले होते. दोन वर्षांनी गेलात तेव्हा मंडळातले चौघं फुलं घेऊन आले आणि तुमच्या मसालेभाताबद्दल भरभरून बोलले. मला ओरडावंसं वाटत होतं. मी त्यांना चहा दिला.

आता मीही तेच शिकवते. मुलं घरच्यांच्या कहाण्या आणतात. इतकं शिकून काय मिळवलं, विचाराल तर काही नाही. ज्या एका माणसासाठी शिकायला हवं होतं, त्यालाच मी एकटं पाडलं.

एकदाच तुम्ही विचारलं होतंत, "लावण्याआधी मला कुणी विचारलं कसं नाही?" मी म्हणाले होते, "इथे असं विचारत नाहीत, बाबा." विचारतात. ट्यूटरनी फॉर्म दिला होता, वडिलांना नीट वाचून दाखव म्हणून दोनदा बजावलंही होतं. त्यावर तुमची सही मी केली, बसमध्ये, मांडीवर वही ठेवून. हुबेहूब जमली होती.