खालच्या फण्या

५ जानेवारी २०२५, रविवार

आज शर्त लागली. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की हेमकांत मागे हटला. (ही वही कोणी वाचणार नाही. तरी असावं.)

दुपारी शहाद्याला मुनव्वरच्या टेलरिंगच्या दुकानात शौर्यजीत फॅन्स असोसिएशनची बैठक. मी अध्यक्ष, मुनव्वर उपाध्यक्ष. विषय एकच, नव्या पिक्चरचं पोस्टर. शौर्यजीत उघड्या अंगाने उभा, खांद्यावर बैलगाडीचं चाक. काय ते दंड! काय ती छाती! मुनव्वर टेप घेऊन मोबाईलच्या स्क्रीनवरच माप काढायला लागला. म्हणाला, या माणसाच्या नुसत्या बाह्यांना एका शर्टाचं कापड लागेल. सगळे बघत बसलो.

तेवढ्यात शाहबाज बोलला. शाहबाज म्हणजे ग्रिल-गेटचा वेल्डिंगवाला. दुकानामागे स्वतःच लोखंड जोडून त्याने जिमही काढली आहे. आमचाच मेंबर. म्हणे, "भाऊ, यानी इंजेक्शन लेयेल शे. हाई स्टेरॉइडनं काम शे."

माझं डोकंच फिरलं. विचारलं, सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडा काय इंजेक्शनवर चमकतो? तो म्हणे, "घोडाना आपण पयले पाय दखतस. याना पाय कोणी दख्यात का? सगळा फोटू कंबरना वर." म्हणजे हा माणूस थेट शौर्यजीतच्या पायांवर गेला!

वर म्हणतो, मीही त्याचाच फॅन आहे. इंजेक्शन घेतलं तरी मेहनत करतोच ना, मी पिक्चर पहिल्याच दिवशी बघणार. हे असलं मला समजत नाही. एक तर माना, नाही तर मानू नका.

मग मी सगळ्यांसमोर सांगितलं. ७ मार्चला रिलीज. तोवर घरच्या अन्नावर, शंभर टक्के नॅचरल, हीच बॉडी बनवून दाखवीन आणि टॉकीजसमोर शर्ट काढीन. जमलं नाही तर कटआउटला हार घालायचा मान शाहबाजचा. हा मान पहिल्यापासून माझा आहे. शहाद्यात शौर्यजीतचा पिक्चर लागला की शिडीवर हेमकांत चढतो आणि खाली ढोल वाजतो. आमच्या कळसाडीत मला लोक बागायतदार म्हणून कमी आणि "हारवाला" म्हणून जास्त ओळखतात. तो मान गेला तर राहिलं काय?

शाहबाज हसला. "दोन महिनामा तर केयीना घड बी भरस नही, भाऊ."

केळीचं मला सांगतो! मी केळीवाला आहे.

६ जानेवारी

पहाटे पाचला उठणार होतो. थंडी फार. थंडीत स्नायू आखडलेले असतात, जबरदस्ती बरी नव्हे. आठला उठलो. दहा जोर काढायचे होते, चार निघाले. पण चारही दर्जेदार.

मोहिनीला आहार सांगितला: दूध, तूप, शेंगदाणे, केळी. सगळं घरचं. तिने विचारलं, आणि व्यायाम? म्हटलं, पाया आधी घालावा लागतो. बायकोला सगळंच समजावत बसता येत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळाचे लाडू. तिळात प्रोटीन असतं हे किती लोकांना माहीत आहे? मला आहे. मोजले नाहीत.

कापसाच्या काट्यावर वजन केलं. वाढलंय. मसल हाडापेक्षा जड असतं असं एका व्हिडिओत ऐकलं होतं, ते खरं दिसतं. आमचे वडील, आप्पा, काट्यापाशी उभे होते. त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं आणि विडी पेटवली. मागच्या पिढीला सायन्स कळत नाही.

१९ जानेवारी, सकाळी ११

शोध लागला! बागेत उभा होतो. मजूर घडाच्या खालच्या दोन फण्या काढत होते. दरवर्षी काढतात. का? खालच्या फण्या काढल्या की सगळा जोर वरच्या फण्यांना जातो. वरचं केळ जाड होतं, एक्स्पोर्टला जातं.

मग माणसाचं काय वेगळं आहे? मी जे खातो त्याचं निम्मं पायात जात असणार. पाय तर कपड्याखाली असतात. कटआउट कमरेपर्यंत असतो. पायांना खुराक घालून उपयोग काय?

आजपासून पाय बंद. चालणं नाही, बैठका नाहीत, जिने नाहीत. सगळा जोर वर.

मुनव्वरला फोनवर सांगितलं. त्याने सगळं परत एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, अध्यक्ष, तुमचं डोकं वेगळंच चालतं. कौतुक ऐकून बरं वाटलं.

२३ जानेवारी

घरातून बागेत बाइकवर जातो. बागेत बांधावर खुर्ची टाकून घेतली आहे. जोर काढायचे तर गुडघे जमिनीला टेकवून काढतो, म्हणजे पायांना फुकटचा वाटा मिळत नाही.

मोहिनी म्हणाली, "केयीनं खोडच काढी टाकं तर घड कशावर ऱ्हाई?" बायका फाटे फोडण्यात हुशार. तिला म्हटलं, तू एक्स्पोर्टचा माल पाहिला आहेस का? ती म्हणाली, पॅकिंग मीच करते.

विषय तिथेच संपवला.

२ फेब्रुवारी

बागेत घड फुगवायची फवारणी. दोन दिवसांपासून व्यापारी चक्कर मारतोय, घडांवर हात फिरवून खूश आहे. म्हणाला, असला माल तालुक्यात नाही. मी म्हटलं, जमीन चांगली, पाणी चांगलं आणि मेहनत.

तो गेल्यावर मोहिनीने पंपाकडे बोट करून विचारलं, ह्या औषधाला मग काय म्हणायचं? म्हटलं, ते औषध नाही, पोषण आहे. केळीला आपण आधार देतो, वाढते ती स्वतःच. ती म्हणाली, मग शौर्यजीतलाही कोणी आधार दिला असेल. काय संबंध? केळी केळी आहे आणि शौर्यजीत शौर्यजीत आहे. एवढंसं यांना समजत नाही आणि म्हणे पॅकिंग मी करते.

आरशात उजव्या बाजूने बघितलं तर दंड दिसतो. डाव्या बाजूने खोलीत उजेड कमी आहे.

११ फेब्रुवारी

घड झाकायच्या पिशव्या आल्या. पिशवीने घडाला ऊब मिळते, चमक येते, डाग पडत नाहीत. एक पिशवी तळाला फाडून अंगात घातली आणि खाटेवर बसून शेंगदाणे खाल्ले. घाम आला, म्हणजे व्यायाम झालाच.

आप्पा दारात आले. थांबले. परत गेले. संध्याकाळी मोहिनीला त्यांनी विचारलं म्हणे, पोरगा बरा शे ना? मी ऐकलं. माझ्यासारख्या थोर माणसांना त्यांच्या काळात कोणीच समजून घेत नाही.

२१ फेब्रुवारी

शाहबाजकडे गेलो होतो. हेरगिरी नव्हे, शेतावरच्या गेटचं बिजागर तुटलं होतं. (घणाने मी तोडलं, पण ते तुटणारच होतं.) तो मागे जिममध्ये होता. रेल्वेच्या लोखंडाचे दोन तुकडे जोडून केलेला बार खांद्यावर घेऊन बैठका मारत होता. खाली जायचा, वर यायचा. मांड्या अशा की पँट फाटते की काय. मी मनातल्या मनात म्हटलं, केवढा जोर वाया चाललाय.

मला म्हणाला, ये ना भाऊ, आजपासून कर माझ्यासोबत, पैसे नको. पहिले पाय. पाय मजबूत झाले की वरचं आपोआप उभं राहतं. मी म्हटलं, माझी पद्धत वेगळी आहे. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तब्येत ठीक शे ना? दम लागी ऱ्हायना तुले." दुकानाला दोन पायऱ्या आहेत, त्या चढलो होतो. दोनच, पण उंच आहेत.

बाहेर आलो तेव्हा मनात आलं, यानेच इंजेक्शन घेतलं असणार. दुसऱ्यावर आरोप करणारा स्वतःच घेत असतो. असोसिएशनमध्ये हा मुद्दा काढायचा.

१ मार्च

टॉकीजसमोर उंच बांबूंवर कटआउट उभा राहिला. तीस फूट! गर्दी बघायला जातेय. मीही बाइकवरूनच बघितला. छातीवरची एकेक रेघ वेगळी. पोटाच्या वड्या मोजता येतात. पोरं खाली वाद घालत होती. एक म्हणे डाएट, एक म्हणे इंजेक्शन, एक म्हणे कॉम्प्युटरने काढलंय. मी बाइकवर उभा राहून ओरडलो, मेहनत! मेहनतीशिवाय काही नाही! मग पाय थरथरला आणि बाइकसकट कलंडलो. स्टँड सैल होतं.

माझ्या पोटावरही एक वडी दिसते. सध्या मोठी एकच आहे, पुढे तिचे भाग पडतील.

६ मार्च, संध्याकाळ

वाईट दिवस.

शौर्यजीतची मुलाखत आली. तो स्वतःच म्हणाला की या पिक्चरसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मी मदत घेतली, लपवणार नाही, पोरांनी माझी नक्कल करू नये. पुन्हा पुन्हा पाहिली. एके ठिकाणी ओठ आणि आवाज जुळत नाहीत. हे एआयने केलंय, उघड आहे. किंवा पिक्चरच्या पब्लिसिटीसाठी निर्मात्याने बोलायला लावलं. किंवा नम्रपणा. मोठी माणसं स्वतःचं श्रेय दुसऱ्याला देतात.

मोहिनी शेजारी बसून ऐकत होती. म्हणाली, "तो सोता कबूल करी ऱ्हायना, मंग तुम्ही कसाले भांडी ऱ्हायनात?"

मी शेंगदाण्यांची वाटी घेऊन बाहेरच्या खाटेवर जाऊन बसलो.

ग्रुपवर सगळे रडके इमोजी टाकत होते. मी लिहिलं: शौर्यजीत नॅचरल होता, आहे आणि राहील. उद्या टॉकीजसमोर पुरावा देतो. शाहबाजने नुसता अंगठा टाकला.

८ मार्च, शनिवार

काल लिहायला जमलं नाही. कारण पुढे येईलच.

गर्दी भरपूर. ढोल. मुनव्वरने हार धरला होता, झेंडूचा, चांगला जाड. मी मध्ये जाऊन शर्ट काढला.

ढोल थांबला. लोकांच्या मनावर परिणाम झाला की अशीच शांतता होते. मग मागून कोणीतरी म्हणालं, अध्यक्ष, कितवा महिना? मी तिकडे लक्ष दिलं नाही.

सगळे शाहबाजकडे बघायला लागले. मान त्याचा झाला होता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. माझ्या हातातून सगळं निघून चाललंय असं वाटलं. खरं सांगतो, रडू येईल असं वाटलं. शाहबाज पुढे आला, हार मुनव्वरकडून घेतला आणि माझ्याच गळ्यात घातला. "चढ भाऊ. हार तूच घालाना. शर्त गयी चुलीमा."

म्हणजे त्याने हार मानली. मी तसंच समजलो.

ढोल सुरू. मी शिडी चढायला लागलो. पहिल्या काही पायऱ्या झकास. मग मांड्या लटपटायला लागल्या. कटआउटच्या कमरेपर्यंत पोचलो, तिथे, जिथे फोटो सुरू होतो तिथेच, दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. वर जाता येईना, खाली येता येईना. शिडीला मिठी मारली. समोर शौर्यजीतची बेंबी. खालून शिट्ट्या. मी ओरडलो, दर्शन घेतोय!

शिडी हलली. शाहबाज चढत होता. माझ्या खाली येऊन म्हणाला, "मन्हा खांदावर बस. सोड. भेऊ नको, मी शे ना." मी सोडलं. मजूर घड उतरवतो तसा त्याने मला खांद्यावर घेतला आणि सावकाश एकेक पायरी उतरला. एवढं माझं वजन, कापसाच्या काट्याला माहीत आहे. त्याचा पाय एकदाही हलला नाही.

त्या खांद्यावर असताना मी विचारलं, शाहबाज, खरं सांग, तू काय घेतोस?

तो म्हणाला, "घरमा जे ऱ्हास ते. दादर ज्वारीनी भाकर, डाय, शुक्रवारे गोश्त. बाकी ल्हानपणपाईन लोखंड उचली ऱ्हायनू."

खाली मला पोत्यावर बसवलं, माझ्या गळ्यातला हार काढला आणि दोन मिनिटांत वर जाऊन कटआउटच्या गळ्यात घालून आला. ढोल असा कधी वाजला नव्हता. मी पोत्यावरून टाळ्या वाजवल्या. वाजवल्या खऱ्या.

ग्रुपवर फोटो आलाय. शाहबाजच्या खांद्यावर मी, उघडा, गळ्यात हार. मुनव्वरने खाली लिहिलं आहे, अध्यक्षांची मिरवणूक. तसा फोटो वाईट नाही.

आता विचार केला तर माझंच म्हणणं खरं निघालं. बॉडी नॅचरल बनते. घरच्या भाकरीवर बनते. शहाद्यात पुरावा आहे. फक्त माणूस दुसरा निघाला. शौर्यजीतबद्दलचं माझं मत कायम आहे. अध्यक्षही मीच आहे.

शाहबाजने सोमवारपासून बोलावलंय. म्हणाला, पहिला महिना नुसते पाय. मी म्हटलं विचार करून सांगतो.

मोहिनीने काल रात्री मिठाच्या गरम पाण्यात पाय धरले. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

आज सकाळी उठता येईना. आप्पा बागेत गेले, भरलेल्या घडाला लावतात तो बांबूचा टेकू आणला आणि माझ्या खाटेला टेकवून ठेवला. विडी पेटवून बाहेर जाऊन बसले.

संडासला तोच धरून गेलो.