अडुसष्ट सालचा पहिला नंबर

शॉमबर्ग, ऑगस्ट २००६

तीर्थस्वरूप मालिनीमावशीला यतीनचा इतक्या लांबून वाकून नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो ना? रेणू आणि सई मजेत आहेत. मी मजेत नाही. हे फोनवर सांगता येत नाही, कारण फोनशेजारी तुझे 'हे', म्हणजे त्र्यंबककाका, बसलेले असतात. तू त्यांना आमच्याकडे हवापालटासाठी पाठवलंस. त्यांना हवा मानवली, पालटलो आम्ही.

त्याचं असं झालं. आमचे शेजारी मिस्टर कोवाल्स्की (रिटायर्ड डेंटिस्ट, एकटेच राहतात) दुपारभर गॅरेजमध्ये टीव्हीवर बेसबॉल बघतात. काका तिथे जाऊन बसू लागले तेव्हा मला हायसंच वाटलं. पण कोवाल्स्कींनी त्यांना १९६८चा सीझन सांगितला. त्या वर्षी म्हणे गोलंदाजांनी असा कहर केला, की पुढल्या वर्षी त्यांचा उभं राहायचा उंचवटाच कमी करावा लागला. झालं! तेव्हापासून फलंदाजाला चकवून घरी पाठवणं, म्हणजे स्ट्राइकआउट, हा आमच्याकडे नाश्त्याचा विषय आहे. मंडळाच्या पिकनिकला काकांनी तो अध्यक्षा शैलाताईंना ऐकवला, मग माझ्या मॅनेजरला ऐकवला (तो बिचारा हैदराबादचा, नुसता मान हलवत राहिला).

आणि आता दोघांचं बिनसलं. कोवाल्स्कींच्या मते त्या वर्षीचा राजा सेंट लुईसचा गिब्सन. काकांचं म्हणणं, स्ट्राइकआउट क्लीव्हलंडच्या मॅकडॉवेलचे जास्त, तेव्हा पहिला नंबर त्याचाच. कोवाल्स्की म्हणाले, तुम्ही तेव्हा होतात कुठे? काका तडक घरी आले ते हॉलमध्ये बसूनच राहिले. चहा नको, वरणभात नको. सईने "आजोबा, व्हॉट हॅपन्ड?" विचारलं, तर नुसतं "नथिंग." शेवटी रेणू मला म्हणाली, जा आणि मिटवून ये. मी कॉल कॅन्सल करून, एका हातात शंकरपाळ्यांचा डबा आणि दुसऱ्या हातात काका, असा गॅरेजमध्ये गेलो.

तिथे काका एकदम मराठीत बोलायला लागले आणि मी दुभाषा झालो. मावशी, त्याच अडुसष्ट साली नागपूरच्या बँकांच्या क्रिकेट स्पर्धेत सगळ्यांत जास्त बळी काकांचे होते. पुढे निवडलेल्या संघात मात्र काकांना वगळून एका देखण्या ॲक्शनवाल्याला घेतलं. का, ते कुणी सांगितलंच नाही. काका म्हणाले, "बळी मोजायचे की रुबाब?" (मी बळीला विकेट म्हटलं, आणि इंग्रजीत विकेट म्हणजे छोटं फाटकही, तर कोवाल्स्कींना वाटलं, काका कुंपणाची फाटकं मोडायचे. ते निस्तरण्यात माझी निम्मी दुपार गेली.) सगळं कळल्यावर कोवाल्स्की बराच वेळ शंकरपाळीशी झटापट करत राहिले. मग म्हणाले, "मग त्या वर्षी पहिले तुम्हीच, मिस्टर त्रिंबक."

हे मला मराठीत सांगावं लागलं नाही. काकांनी चष्मा पुसला, रिमोट उचलून टीव्ही लावला आणि मला घरी जायला सांगितलं. आभार नाहीत, काही नाही!

तेव्हा कृपा करून त्यांना परत बोलावून घे. तिकीट मी लगेच काढतो.

तुझा, पार टेकीला आलेला,
यतीन

ता. क. ही अडुसष्टची गोष्ट तुला ठाऊक होती का?

ता. क. दुसरा. मुख्य काम राहिलंच. दोघं म्हातारे गाडीने क्लीव्हलंडला मॅच बघायला निघालेत. कोवाल्स्कींना मोतीबिंदू, काकांकडे लायसन्स नाही. तू फोनवर काकांना चांगलं खडसाव. मी कळवलं असं मात्र म्हणू नकोस.

ता. क. तिसरा. घाई करू नकोस. हे पत्र तुला मिळेपर्यंत आम्ही जाऊन आलेलो असू. ड्राइव्ह मीच करतोय.