उसने पोट्टे

२ जुलै
आज शाळा समितीचा अध्यक्ष झालो. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही, इतका गावाचा विश्वास. शिक्षण खात्याने आमची शाळा मागे पडलेल्या शाळांत घातली आहे. हा डाग दिवाळीपर्यंत पुसणार. रोज शाळेत एक फेरी. उद्यापासून.

९ जुलै
फेरी राहून गेली. शेतात धानाची रोवणी सुरू आहे. खात्याने मदतीला जादा शिक्षिका दिली, मिनल मॅडम. मागे पडलेल्या शाळांनाच देतात म्हणे. अपमानच वाटला, पण चहा पाजला.

२० ऑगस्ट, संध्याकाळी
नात सोनिका चौथीत. पुस्तक उघडलं की रडायची. मॅडम पोरांना घरच्या गोष्टी सांगायला लावतात, त्याच फळ्यावर लिहून वाचून घेतात. आज सोनिकाने आपलं आपण वाचलं, "आबा घोरतात." बायको, रुख्मिणी, पदराने डोळे पुसत होती. अध्यक्ष चांगला असला की असं होतं.

१२ सप्टेंबर
सोमवारी खात्याचे साहेब तपासणीला येणार. मॅडम म्हणाल्या, आबाजी, पोरं आहेत तशीच दिसू द्या, कच्ची दिसली तरच मदत चालू राहील. शिकलेली माणसं फार भोळी. पाहुण्यांसमोर कोणी फुटका कप ठेवतं का?
रुख्मिणीचा भाऊ मारोतराव शेजारच्या गावच्या शाळेचा अध्यक्ष. तपासणीपुरती त्याच्याकडे चार हुशार पोरं मागितली. म्हणाला, घरचेच पोट्टे आहेत जवाईबापू, घेऊन जा ना जी!

१५ सप्टेंबर, दुपारी
फत्ते! मॅडमना नेमकं आजच कामठीला प्रशिक्षण. गणवेश तर सगळीकडे सारखाच. मारोतरावच्या शाळेतली दामिनी सोनिकाच्या नावावर बसली, फडाफडा वाचली. साहेब खूश. हेडमास्तर खिडकीबाहेर पाहत राहिले, बहुतेक भरून आलं असेल.
सोनिकाला घरी ठेवलं होतं. मले काहून नाही नेलं आबा, मले येते ना आता, म्हणाली. तुला ताप आहे, म्हटलं. रुख्मिणी म्हणाली, अवो, ताप तुमच्या डोक्यात गेला.

१६ सप्टेंबर
मारोतराव फोनवर उखडला. साहेब काल दुपारून त्यांच्याकडेही गेले. हुशार पोरं तेव्हा आमच्याकडे पाटोडी खात होती. मला आधी कोणी सांगायचं?

१० ऑक्टोबर
आमची शाळा सुधारली असं जाहीर झालं. शाल, नारळ. साहेब म्हणाले, तुम्हाला आता मदतीची गरज नाही, मारोतरावची शाळा मागे पडली, मिनल मॅडम सोमवारपासून तिकडे. टाळ्या मीच सुरू केल्या होत्या. थांबवता आल्या नाहीत.

४ नोव्हेंबर
सोनिका पुन्हा अडते. म्हणाली, आबा, साहेबाले सांगा ना, मले वाचता नाही येत म्हणून. मौद्याला साहेबांच्या कचेरीत गेलो, सांगितलं. साहेब म्हणाले, आजोबा, मी स्वतः ऐकलं तिला, एवढ्या हुशार नातीला कमी लेखू नका. खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात चहा आला. प्यालो.

६ नोव्हेंबर
मारोतरावला म्हटलं, सोनिकाला तुमच्या शाळेत बसू द्या. म्हणाला, पाठवा ना जी! पुढच्या तपासणीले तर नक्की पाठवा, अशी अडणारी पोट्टी पहिल्या बाकावर बसवतो. आमची मॅडम टिकली पाह्यजे.
हो म्हणालो. निदान या वेळी तिला घरी ठेवावं लागणार नाही.