पॉझिटिव्ह सासूबाई, निगेटिव्ह मी

मंगळवार, दिवेलागण

दुधाच्या किटलीचं झाकण आज पुन्हा माझ्या हातानं निघालं नाही. रोज सकाळी तासभर मूठ वळत नाही, बोटांची पेरं टम्म सुजलीत, आणि घरात आजारी कोण? तर सासूबाई!

गेल्या आठवड्यात नारायणगावला संधिवाताच्या तपासणीसाठी रक्त द्यायला गेले. सासूबाई सोबतीला होत्या. मीच म्हटलं, आल्याच आहेत तर त्यांचंही घ्या. कुठून दुर्बुद्धी सुचली! आरए फॅक्टर माझा निगेटिव्ह, त्यांचा पॉझिटिव्ह. त्यांचं काहीच दुखत नाही, तरी ह्यांनी आईला पलंगावर बसवलं. आणि मला? "तुला काय न्हाई झालं, रिपोर्ट बघ की." म्हणजे गोठा माझा, धारा माझ्या, धुणंही माझंच.

आज डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी माझी बोटं दाबून बघितली. म्हणाले, उतारवयात काहींचा हा रिपोर्ट उगाच पॉझिटिव्ह येतो, आणि निगेटिव्ह असला तरी संधिवात असू शकतो. अजून एक रक्ततपासणी करू. घरी येऊन सांगितलं, तर हे म्हणाले, "मग पयली कशाला केली?" कपाळ माझं!

संध्याकाळी डेअरीला दूध घालायची वेळ झाली आणि झाकण निघेना. हे ओट्यावर मोबाइलमध्ये. सासूबाई पलंगावरून उतरल्या, दार लोटून घेतलं आणि एका हिसक्यात झाकण काढून दिलं. मग हळूच म्हणाल्या, "त्याला सांगू नगं. लगीन झाल्यापासनं पयल्यांदाच बसायला मिळालंय."