शिवायचं राहिलेलं पोट

प्रिय ठोंब्या,

बाबा आयसीयूत आहेत. जिवंत आहेत. हे आधी लिहिते, कारण माझी पत्रं तू शेवटून वाचतोस. फोनवर मी टोमणे मारते आणि तू फोन आदळतोस. पत्र आदळलं तरी आवाज होत नाही, म्हणून पत्र.

आतड्याला पीळ पडला होता. किती दिवस दुखत होतं ते त्यांनाच ठाऊक. आमच्या लक्षात आधी आली ती त्यांची पँट. जगाच्या कमरा मोजणारा हा शिंपी स्वतःची कंबर गुपचूप उसवून ढिली करत होता आणि आईला सांगत होता, "कापड आटलंय." आपल्या घरात काहीही झालं की पोटात ठेवायचं. तू दुकान सोडलंस तेव्हाही तेच. "लोकांच्या ढेऱ्या मोजत मी म्हातारा होणार नाही" हे तुझं वाक्य त्यांनी तसंच गिळलं आणि मान खाली घालून काजं करत बसले.

ऑपरेशन करून पीळ सोडवला, पण नंतर पोट फुगत गेलं, नगाऱ्यासारखं कडक. रक्तदाब घसरला, लघवी थांबली. मला वाटलं, हृदय थकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय चांगलं आहे हो, त्याला जागा नाहीये." पोटातला दाब वर छातीला रेटतो आणि खालून रक्त आणणारी मोठी शीर चेपून टाकतो, पाण्याच्या पाइपवर कुणी पाय देऊन उभं राहावं तसा. परत येणारं रक्तच कमी, तर हृदय पुढे ढकलणार काय? गंमत अशी की छातीतल्या शिरेच्या दाबाचा आकडा चढाच दिसत होता. "त्यावरून वाटतं हृदय भरलेलं आहे," त्या म्हणाल्या. "पण तो बाहेरचा रेटा. आत रिकामंच आहे." इतकी वर्षं मी पेपरात लोकांची सालटी काढते, पण बाबांचं एवढं नेमकं वर्णन मला कधी जमलं नाही.

पोट पुन्हा उघडून काही दिवस तसंच ठेवावं लागेल, म्हणाल्या. धोका आहे, पण न उघडण्यात जास्त. मी शंका काढत बसले. आणि आई, जिने आयुष्यभर भाजीसुद्धा त्यांना विचारून आणली, ती म्हणाली, "उघडा एकदाचं."

उघडलं आणि रक्तदाब सावरला. पिशवीत लघवी उतरायला लागली. तिच्याकडे बघून आई रडली. कशाकशावर आनंद मानायची वेळ येते बघ. आता पोटावर नुसता पारदर्शक पडदा आहे. सूज ओसरली की टाके. शुद्धीवर आल्यावर बाबा पहिलं काय म्हणतील, सांगू? "कापून ठेवलंय आणि शिवलं नाही? कारागीर आहेत की कोण?"

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. श्वासाची नळी घालण्याआधी त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. म्हणाले, "त्याला कळवू नकोस. हातातलं टाकून पळत येईल." इतक्या वर्षांत तुझा विषय त्यांनी पहिल्यांदा काढला आणि तोही न कळवण्यासाठी. तू येशील यावर मी पैज लावली नसती, ठोंब्या. त्यांना मात्र शंकाच नव्हती. एवढी एक गोष्ट माझ्याच्यानं पोटात ठेवली जात नाही. टाके पडायच्या आत ये.

तुझीच,
तोंडाळ ताई