तिसरी वायर

ग्वाल्हेर,
रविवार, १७ मे २०२६, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे.
जेवलो, ताट घासून ठेवले, हात दोनदा पुसले आणि लिहायला बसलो.

ती. शालिनीकाकूंस,
राघवचा साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र आणि विनिताताईने पाठवलेले पाचशे रुपये पोचले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आता काठीशिवाय स्वयंपाकघरापर्यंत जाता, हे ऐकून आईला बरे वाटले. देवासला उकाडा कमी असेल. इथे पंखासुद्धा गरम हवा फेकतो.

उत्तराला आठवडा उशीर झाला. कामाचे कारण लिहिणार होतो, पण काम नव्हते.

तुम्हाला येता आले नाही म्हणून स्मारक नीट बघून कळव, असे तुम्ही म्हणाला होता. कंपूच्या बागेत फाटकातून शिरल्यावर डाव्या हाताला ती भिंत आहे. वर पत्र्याचे छप्पर. एकूण एकोणीस फरशा, दुसऱ्यांना वाचवताना गेलेल्या इथल्याच माणसांच्या. पुढारी त्यात कोणी नाही. एक दूधवाला आहे, दोन मुलांमागे तळ्यात उडी घेतलेला. बिड़ला नगरचे एक गिरणी कामगार आहेत, शेजारच्या आगीतून म्हातारीला काढून तिच्या सुनेसाठी परत आत गेलेले. काकांची फरशी चौथ्या ओळीत, उजवीकडून दुसरी. मजकूर उतरवून घेतला आणि दोनदा ताडून पाहिला: "तुकोजी जगदाळे, आयु ५४ वर्ष। करंट से चिपकी बालिका को छुड़ाते हुए प्राण दिए।" हार मी स्वतः घातला.

फरशी बसवण्याच्या कार्यक्रमात स्मारक समितीचे दिग्विजयसिंह बोलले. मग त्यांनी माझे नाव घेतले. "इस लड़के ने सूझबूझ दिखाई, मेन स्विच बंद किया, नहीं तो बच्ची भी न बचती।" मला शाल आणि नारळ दिला. टाळ्या वाजल्या. मी मान खाली घालून घेतला. आईने नारळ देवापुढे ठेवला आहे आणि गल्लीत सांगते आहे, "माझ्या राघवच्या हातून केवढं पुण्य घडलं बघा!"

काकांनी सोडवलेली अंतरा आली होती. आता नऊ वर्षांची आहे, चौथीत जाईल. कार्यक्रम संपल्यावर ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "भैया, मी तर तेव्हा कूलरला हात पण नव्हता लावला. तुम्ही आधीच कसे उठलात?"

तिची आई म्हणाली, "चूप गं, किती चोंबडेपणा!"

मी "असंच" म्हणालो. काकू, नऊ वर्षांच्या मुलीला मी "असंच" म्हणालो.

आता लिहितो. हा तिसरा कागद आहे. आधीचे दोन इथवर येऊन फाडले.

काका गेले त्या मुंजीतले तिन्ही कूलर मी लावले होते. टेंट हाउसचे काम होते. तिसऱ्या कूलरची अर्थिंगची वायर आखूड पडली. कूलरच्या पत्र्यात करंट उतरला तर तो जमिनीत नेते ती तिसरी वायर. मी ती जोडली नाही, टेप गुंडाळून आत दाबली. आयटीआय अर्धवट सोडले असले तरी एवढे मला शिकवलेले होते.

पंगत बसायच्या आधी काका माझ्यापाशी आले. हातात मठ्ठ्याची बादली, पाय अनवाणी. म्हणाले, "राघव, त्या कोपऱ्यातल्या कूलरला हात लागला की झिणझिण्या येतात रे. जरा देख ले."

मी म्हणालो, "हो काका, जेवण होऊ द्या."

ते हसले. "हां, तू आधी जेव. कूलर कुठे पळून जातोय!"

मी जेवायला बसलो. जिलबी वाढली होती. अंतरा हात धुऊन ओल्या हातांनी कूलरकडे निघालेली मला दिसली. ओरडायला हवे होते. ओरडलो असतो तर, मला आधीच माहीत होते, हे साऱ्या पंगतीला कळले असते. म्हणून मी गुपचूप उठलो आणि मेन स्विचकडे निघालो. काका मधल्या रांगेत वाढत होते. झिणझिण्या त्यांनाही माहीत होत्या. तिचा हात कूलरला चिकटला तसे बादली टाकून ते धावले, तिला धक्का देऊन सोडवले, आणि ओल्या फरशीवर पाय घसरून कूलरवरच पडले. मी मेन बंद केला तोवर उशीर झाला होता.

सगळे विचारतात, तुला इतक्या लवकर सुचले कसे? मला सुचले नव्हते, काकू. मला माहीत होते.

काकांना बाहेर नेत होते तेव्हा मी टेप सोडवून दुसरा तुकडा जोडला आणि वायर बसवली. संध्याकाळी तपासणी झाली तेव्हा सगळे बरोबर निघाले. "जुन्या मोटारीत अचानक बिघाड, कोणाची हयगय नाही," असे कागदावर आले. त्याच कागदाच्या आधारावर तुमचा भरपाईचा अर्ज फेटाळला गेला, आणि तुम्ही घर सोडून देवासला मुलीकडे, विनिताताईकडे गेलात.

तुम्ही पत्रात लिहिले आहे, "तुझ्यासारखा मुलगा तिथे होता हे त्यांचे भाग्य." ते वाक्य मी आईला वाचून दाखवले नाही.

उद्या सकाळी दहाला ठाण्यात जाऊन लेखी बयान देणार आहे. त्याची सही केलेली प्रत सोबत आहे, तुमच्या वकिलांना द्या, अर्ज पुन्हा करता येईल. टेंट हाउसबरोबर माझेही नाव घाला. शाल समितीला परत करीन. आईला आज रात्री सांगेन. हे पत्र त्याआधी बाड्यावरच्या पोस्टात टाकतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

माफी मागत नाही. उत्तर लिहायचे की नाही, ते तुम्ही ठरवा.

काकांनी सांगितलेले ज्याने ऐकले नाही तो,
राघव

हिशेब:
तुमचे आले ५०० रु. हार १२०, उदबत्ती १०, ई-रिक्षा जाऊन-येऊन ४०. खर्च १७०. उरलेले ३३० विनिताताईच्या फोनवर परत पाठवले.

माझे देणे ४,००० रु. हे वर लिहिता आले नाही. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी टेंट हाउसच्या मालकांनी "समझदार लड़का है" म्हणत पाकीट दिले. मी मोजून घेतले. १,८०० आईच्या चष्म्याला गेले. २,२०० काकांच्या तेराव्याला आमच्या घरून म्हणून तुमच्या हातात ठेवले. तुम्ही ते कपाळाला लावून घेतलेत. ते फिटले असे धरलेले नाही. देणे पूर्ण ४,०००.