खाचेवरचा सेलोटेप

३ नोव्हेंबर
डायरी दिवाळीपासूनच लिहायची होती. पेन होतं तेव्हा मूड नव्हता, मूड आला तेव्हा पेन मित्राकडे, गंधारकडे. आजपासून शिस्त.
बायडाआत्यानं तिच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट दिलीय, पेनड्राइव्हवर घ्यायला. तिचा व्हीसीआर बंद पडलाय. तिच्या यजमानांचं, संपतकाकांचं वर्षश्राद्ध महिनाअखेर. कॅसेटमध्ये काकांनी घेतलेला उखाणा आहे. त्यांचा आवाज तेवढाच उरलाय, म्हणाली. उद्याच करतो.

५ नोव्हेंबर
त्याच कामाला खडकीच्या दुकानात निघालो होतो. वाटेत जुना बाजार. तिथे कॅसेटवाला व्हीएचएस कॅमेरा! चालू! घेतलाच. कामाचं उद्या बघू. मी फाउंड फुटेज हॉरर काढणार, म्हणजे कुणाची तरी जुनी कॅसेट सापडल्यासारखा भयपट.
मोबाइलच्या स्वच्छ चित्राला कोण घाबरतं? कॅसेटवर खरखर, तिरक्या रेघा, विटलेले रंग. बघणाऱ्याला वाटतं, हे कुणीतरी खरंच जगलंय आणि तो माणूस आता नाही. भीती तिथून येते. (मुलाखतीत वापरायचं.)

८ नोव्हेंबर
कोरी कॅसेट कुठेच मिळेना. आत्याची आहे की. मध्येच थांबवलेली आहे, म्हणजे पुढे रिकामी. साधं लॉजिक. चालवून बघायचा कंटाळा. दुसऱ्याचं लग्न कोण बघतंय?

९ नोव्हेंबर
कॅमेरा रेकॉर्डच करेना. कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची पट्टी मोडलेली. आत्याला फोनवर सहज विचारलं. काकांनीच मोडली म्हणे, चुकून कुणी वर काही भरू नये म्हणून. काका जुन्या विचारांचे. खाचेवर सेलोटेप लावला, लगेच चालू. जुगाड!
मांजरी गावात आत्याच्या घरामागच्या उसातच शूटिंग उरकलं. तिला सांगितलं नाही. उगाच चहा टाकत बसली असती.

१२ नोव्हेंबर
गंधारकडे टीव्हीला जोडून शो. नुसता ऊस आणि माझा श्वास. गंधार मोबाइल बघत होता. भूत कुठंय, कॅमेरामनला दमा आहे एवढंच कळलं, म्हणाला.
मग चित्र थरथरलं आणि एकदम मांडव. सगळे पोट धरून हसतायत. आत्यानं पदरात तोंड लपवलंय. काका नुकतंच काहीतरी बोलून मिशीवरून हात फिरवतायत.
गंधारनं मोबाइल ठेवला. हे लोक कशाला हसतायत रे, म्हणाला.
जबरदस्त कट. अंगावर काटा. कलाकार म्हणून समाधानी आहे. जेवण मात्र गेलं नाही.

१३ नोव्हेंबर
खडकीला दुकानात विचारलं, खालचं परत काढता येईल का. पुसलं ते गेलं, दुकानदार म्हणाला. नॉलेज कमी असणार.

१५ नोव्हेंबर
प्लॅन बी. काकांच्या आवाजात उखाणा मीच भरतो. थोडा घसा बसला की जमेल. शब्द हवेत म्हणून आत्याला फोन. शब्द कशाला पाठ करू, कॅसेट हाय की, म्हणाली. दर वेळी उखाण्याच्या जरा आधी आणून थांबवते म्हणे. पुन्हा लावली की पहिला त्यांचाच आवाज.
मध्येच थांबवलेली.

१६ नोव्हेंबर, सकाळ
आज मांजरीला जाऊन सगळं सांगायचं. नक्की. नाश्ता करून. किंवा दुपारी, ऊन कमी झाल्यावर.
खालून हाक. खिडकीतून बघितलं. बायडाआत्या! इथे, वारज्यात! दळणालासुद्धा सोबत घेणारी बाई दोन बस बदलून एकटी आलीय. काखेत जुन्या साडीत बांधलेला व्हीसीआर. झाला बघ दुरुस्त, म्हणतेय, मला काय धीर निघंना, लाव आधी.
जिना चढतेय.
सेलोटेप तरी काढून ठेवतो.